बर्फातल्या गावाचं पत्रक

पत्रकाची पहिली ओळ वाचणाऱ्याच्या हाताला धरून ओढणारी हवी, असं माझे वडील सांगत. ते खेडजवळच्या एका कारखान्यात कामगार होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहीत. आमच्या घरात गोष्टीच्या पुस्तकांआधी पत्रकं आली. सहाव्या वर्षी मी त्यांच्या घड्या घालायला शिकले आणि आठव्या वर्षी त्यांतल्या चुका काढायला. त्यामुळे इथे आखातात, अदलियातल्या आमच्या छोट्या ट्रॅव्हल ऑफिसात जपानच्या सहलीचं मराठी पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा मी ते नको इतकं मनावर घेतलं.

सहलीची कल्पना एका गिऱ्हाइकाची होती. जवळच्याच उम्म अल हस्सम वस्तीत राहणाऱ्या, चाळिशीतल्या एक जपानी बाई. नवरा इथे इंजिनिअर. त्या उत्तर जपानातल्या अकिता भागातल्या. तिथल्या एका खेड्यात त्यांच्या आईवडिलांनी बांधलेली सहा खोल्यांची खानावळवजा सराई आहे, आत गरम पाण्याच्या झऱ्याचं स्नानघर. आता ती भाऊ चालवतो. नेहमीचे पाहुणे म्हातारे झाले, येईनासे झाले. येता फेब्रुवारीही रिकामा गेला तर वसंतात कुलूप लावीन, असं भावाने कळवलं होतं. निदान दहा माणसं येणार का, हे त्याला डिसेंबरअखेर हवं होतं.

आमचे मॅनेजर रत्नागिरीचे. त्यांना सगळे भाई म्हणतात. त्यांनी त्यांच्या पद्धतीने हिशेब केला. "आपली माणसं बर्फ बघायला दुबईच्या मॉलात जातात. खरा बघू देत की एकदा. यल्ला, चल, लिही पोरी."

बाई तीनदा ऑफिसात येऊन बसल्या. आम्ही इंग्रजीत बोलायचो. त्यांनी मला पुष्कळ सांगितलं. फेब्रुवारीत मुलं बर्फाच्या घुमट्या करतात, आत पाण्याच्या देवाचा कोनाडा कोरतात आणि रस्त्याने जाणाऱ्याला हाका मारून आत बसवतात, तांदळाचं गरम गोड पेय देतात. मुळे चुलीच्या धुरात टांगून मग मुरवतात. बोलता बोलता त्यांनी हेही सांगितलं की वडील दर हिवाळ्यात टोकियोकडे बोगदे खणायला जात. शेतं बर्फाखाली गेली की गावातले सगळेच पुरुष जात. याला त्यांच्याकडे 'देकासेगी' म्हणतात, म्हणजे कमवायला बाहेर पडणं.

मी घुमट्या आणि मुळे बाजूला ठेवले आणि तेवढंच उचललं.

माझ्या पत्रकाची पहिली ओळ होती: 'ज्यांनी टोकियो उभारलं, त्यांच्या ओसाड गावी चला.' पुढे 'उपेक्षित' हा शब्द दोनदा, 'शोषण' एकदा. वाचून भाईंनी चष्मा काढला. "हे वाचून माणूस जपानला नाही जाणार, मोर्चाला जाईल."

"खरं लिहिलंय, भाई."

"खरं आहे गो. पण बायकोला घेऊन कोण जाईल?"

तरी त्यांनी ते छापू दिलं. मराठी वाचणारं ऑफिसात माझ्याशिवाय दुसरं कोण होतं? भाई स्वतः, आणि त्यांना भांडायचा कंटाळा होता.

पत्रकं उम्म अल हस्सममधल्या दुकानांत आणि अदलियातल्या दोन हॉटेलांच्या काउंटरवर ठेवली. दोन आठवड्यांत तीन फोन आले. एकाने विचारलं, तिकडे संप वगैरे चालू आहे का. एक बाई म्हणाल्या, ओसाडच बघायचं तर आमचं गाव आहे की संगमेश्वरला, तिकीट स्वस्त पडतं. नाव एकानेही नोंदवलं नाही.

मग एक दिवस जपानी बाई आल्या. हातात पत्रक. शेजारच्या मराठी बाईंकडून त्यांनी ते वाचून घेतलं होतं. त्या बसल्या नाहीत.

"तुम्ही ओसाड लिहिलंय," त्या म्हणाल्या. "माझा भाऊ राहतो तिथे."

मी म्हटलं, तुमच्या वडिलांवर झालेला अन्याय लोकांना कळायला हवा.

"माझ्या वडिलांना बोगद्याचा अभिमान होता. रेल्वेतून जाताना ते आम्हाला दाखवायचे, हा माझा. त्यांची दया करायला माणसं येणार असतील तर भावाने कुलूप लावलेलं बरं."

आवाज जराही चढला नव्हता. मी वाद घालायला सरसावले होते, तेव्हा कुठे लक्षात आलं. मला अन्यायाबद्दल सगळं माहीत होतं आणि त्या माणसाबद्दल काहीच नाही. माझे वडील संपाच्या दिवसांतही विनोद सांगून हसायचे, हे मी कुठल्या पत्रकात वाचलं असतं?

मी माफी मागितली. उरलेली पत्रकं दुकानांतून परत आणायला त्याच संध्याकाळी निघाले. भाई गाडी घेऊन आले, वाटेत एवढंच म्हणाले, "आता लिहू नकोस. आता माणसं बोलव."

शुक्रवारी, नमाजानंतर, भाईंच्या घरी ओळखीची वीसेक कोकणातली माणसं जमली. भाईंच्या बेगमने मच्छीची कढी आणि भात केला होता. जपानी बाईंनी गावाहून आलेला धुराचा मुळा पातळ कापून आणला होता. मी भाषांतराला.

मुळ्याची ताटली फिरली. दापोलीच्या एक खाला, सगळ्यांच्या मावशी, वास घेऊन थांबल्या. "सुकटीचा वास आणि लोणच्याची चव. यात मासा नाही?"

"नाही."

"मग वास कुठून चोरलात?"

बाईंना भाषांतर सांगितल्यावर त्या तोंडावर हात धरून हसल्या. मग भाईंच्या बेगमने विचारलं, मुलं जे गोड पेय देतात त्यात दारू तर नसते? बाईंनी सरळ सांगितलं, दोन तऱ्हा असतात. एक दारूच्या चोथ्यापासून करतात, त्यात थोडी राहते. दुसरी नुसता भात आंबवून करतात, त्यात नसते. भाऊ मुलांना दुसरीच करायला सांगेल आणि स्वतः बघून घेईल. स्नानघरात सगळे एकत्र, आणि कपड्यांशिवाय, हे कळल्यावर बायकांनी ओढण्या सावरल्या. बायकांचं वेगळं असतं, आणि हवं तर एकेका कुटुंबाला वेळ देता येईल, असं त्या म्हणाल्या तेव्हा खाला पुटपुटल्या, "माझ्या कुटुंबाबरोबर तर मुळीच नको."

माणगावकडचे एक ड्रायव्हर मागे उभे होते. बायको गावी, दोन वर्षांची रजा साठलेली. त्यांनी विचारलं, "पुरुष सगळे टोकियोला, तर घरांवरचा बर्फ कोण काढायचं?"

"आई," बाई म्हणाल्या. "कमरेला दोरी बांधून छपरावर चढायची. आम्ही मुलं खाली, फावडं वर द्यायला. दोन दिवस नाही काढला तर दारं उघडत नाहीत, घर वाकतं."

"आमची पण आयच चढायची," ड्रायव्हर म्हणाले. "पावसाआधी कौलं शाकारायला. बाबा मस्कतला. पडायची नाही कधी, पण शिव्या द्यायची. बाबांना. तुमची द्यायची का?"

मी भाषांतर केलं. "मोठ्याने," बाई म्हणाल्या. "आख्ख्या गावाला ऐकू जायच्या."

खोली हसली. खालांनी त्यांच्या आईची कौलांची गोष्ट सांगितली, मग दुसऱ्या कोणी, आणि माझ्या भाषांतराला कोणी थांबेना. मी पत्रकात ज्याला शोषण म्हटलं होतं तेच इथे चाललं होतं, फक्त ज्यांनी ते सोसलं त्यांच्या तोंडून, आणि त्यात स्वतःचं कौतुकही होतं. मला अजून वाटतं की माणसाला पोटासाठी दर वर्षी घर सोडावं लागणं हा अन्यायच आहे. त्या खोलीतही कोणी नाही म्हटलं नसतं. आम्ही सगळे तेच करून इथे आलो होतो.

त्या दुपारी सात नावं आली. ड्रायव्हरांनी बायकोला गावाहून बोलावून घ्यायचं ठरवून दोघांची नावं दिली. डिसेंबर संपायच्या आत आकडा बारावर गेला.

मधल्या काळात, उरलेल्या जागांसाठी, दुसरं पत्रक मी बाईंच्या घरी बसून लिहिलं. घुमट्या, मुळा, स्नानघराच्या वेळा. एका वाक्यावर आम्ही तासभर अडलो. मला त्यांचे वडील त्यात हवेच होते. शेवटी राहिलं ते असं: 'हिवाळ्यात या गावचे पुरुष बोगदे खणायला जात आणि छपरावरचा बर्फ बायका काढत.' विशेषण एकही नाही. त्यांनी ते भावाला फोनवर जपानीत सांगितलं. तो म्हणाला, राहू दे.

फेब्रुवारीत माणसं गेली, बाई त्यांच्याबरोबर. माझा व्हिसा रिन्यूला असल्याने मी इथेच. परत आल्यावर बाई थेट ऑफिसात आल्या. भावाने कुलूप एक वर्ष पुढे ढकललं होतं. एकच वर्ष, असं मी म्हणणार होते, तेवढ्यात भाईंनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून टेबलावर ठेवलं.

"पुढच्या फेब्रुवारीत रमजान लागतोय. माझी अर्धी माणसं येणार नाहीत. जानेवारीत चालेल का विचारा."

जानेवारीत घुमट्या नसतात, बाई म्हणाल्या. तरी त्यांनी तिथेच उभ्या उभ्या भावाला मेसेज केला. चहा येईपर्यंत उत्तर आलं आणि त्यांनी ते वाचून दाखवलं. बर्फ तेव्हाही भरपूर असतो, घुमटी बांधायला मुलांना एक रविवार पुरतो. फक्त किती जण येणार ते कळवा, त्या मापाने मोठी करायला सांगतो.