भिंतीकडे तोंड

वसतिगृहाच्या आमच्या खोलीत तीन खाटा होत्या. खिडकीपाशी मुकादम, दाराजवळ मी, आणि मधली खाट जिला सगळे चष्मा म्हणायचे तिची. ती खाट कपडे वाळत घालायच्याच जास्त कामी यायची. त्या दोघींचं एकमेकींवर प्रेम होतं. मला ते कुणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही; एकाच खोलीत राहून कळत नसेल तर माणसाने डोळ्यांचा इलाज करावा.

मुकादम हे नाव तिला सगळ्या वसतिगृहाने मिळून दिलं होतं. पंप बंद पडला, कुणाला ताप चढला, सहलीची बस आली नाही, की पोरी आधी तिच्याकडे धावायच्या आणि मग वॉर्डनबाईंकडे. ती एकीला इकडे पाठवायची, दुसरीला तिकडे, तिसरीला म्हणायची, "तू रडू नकोस, तू बादल्या आण." काम झालं की परत खाटेवर. कुणी कौतुक केलंच तर ठरलेलं उत्तर, "मला काही वाटत नाही." तिला बरंच काही वाटायचं. कौतुक झालं की मान लाल व्हायची, ती मी पाहिलेली आहे.

एकदा मानसशास्त्राच्या सरांनी वर्गात विचारलं, "स्वतःला नेता कोण कोण समजतं? हात वर करा." मुलांचे हात भराभर वर गेले. आमच्या वर्गातला माईक, ज्याला दोन माणसं दिसली की भाषण सुटायचं, त्याने तर दोन्ही हात वर केले. मुलींचे दोन-तीन, तेही कोपरापर्यंत. मुकादम तेव्हा आपटणाऱ्या खिडकीला कागदाची घडी लावत होती. तिने मागे पाहिलंसुद्धा नाही.

"हात का नाही वर केलास?" मी नंतर विचारलं.

"पुढे गेलं की लोक बघतात गं," ती म्हणाली. "आधी कामाकडे बघतात. मग म्हणतात, ही कुणाबरोबर असते? मग घरी कळतं."

घरी तिची आई होती आणि एक दादा होता. वडील अंथरुणाला खिळल्यापासून दवाखाना, औषधं, भाऊबंदांची भांडणं, सगळं तिनेच निस्तरलेलं. आई मात्र फोनवर म्हणायची, "तू कशाला पुढेपुढे करतेस? दादा आहे ना." दादा होता हे खरं. सोफ्यावर होता.

शेवटच्या वर्षी विद्यार्थी प्रतिनिधीची निवड आली. आमच्या कॉलेजात त्याची एक जुनी रीत आहे. ज्याला उभं राहायचं त्याने स्वतःच पुढे यायचं, दुसऱ्याने नाव सुचवायचं नाही. उमेदवार सभागृहाच्या भिंतीकडे तोंड करून उभे राहतात आणि बाकीचे आपापल्या पसंतीच्या माणसामागे जाऊन थांबतात. मागे कोण येतंय हे तेव्हा उमेदवाराला दिसत नाही, म्हणजे कुणाला भीड पडत नाही. प्राचार्यांनी टाळी वाजवली की उमेदवारांनी वळायचं.

चष्म्यानेच तिला तयार केलं. आठवडाभर डोकं खाल्लं तिचं. शेवटी म्हणाली, "तू वळशील तेव्हा पहिली मीच दिसेन. अगदी पाठीला लागून." मुकादमची मान लाल झाली. ती "बरं" म्हणाली.

त्या दिवशी सकाळी भोजनगृहात रांगेत कुणीतरी चष्म्याला म्हणालं, "काय गं, आज मुकादमची बायको प्रचाराला नाही गेली?" नुसती थट्टा. थट्टा करणारीच्या ती दुसऱ्या घासाला लक्षातही राहिली नसेल. चष्म्याने ताट तसंच ठेवलं आणि हात धुतले.

सभागृहात माईक पुढे गेला. मग मुकादम उठली. भिंतीकडे तोंड करून उभी राहिली, हात मागे बांधून. लोक हलले. माईकमागे त्याचे मित्र गेले, मोजकेच. बाकी आम्ही सगळे मुकादममागे लोटलो. इतकी गर्दी की कोण कुणाला चिकटून उभं आहे, हे देवालाही कळलं नसतं. चष्मा निर्धास्त उभी राहू शकली असती, आणि नेमकं तेच तिच्या डोक्यात शिरलं नाही. तिने लपायला माईकची बाजू निवडली. तिथे ती एकटीच मुलगी होती.

टाळी वाजली. मुकादम हसतच वळली.

तिच्या पाठीला लागून मी होते. तिने माझ्या खांद्यावरून पाहिलं, मग डावीकडे, उजवीकडे, आणि मग पलीकडे. चष्मा जमिनीकडे बघत होती. मुकादमचं हसू लगेच गेलं नाही. ते ओठांवर तसंच राहिलं, आणि मला ते बघवेना.

"दोन शब्द बोल," प्राचार्य म्हणाले.

"खुर्च्या परत लावायच्यात," मुकादम म्हणाली. सभागृह हसलं. लोकांना वाटलं, काय विनोदी पोरगी आहे.

खोलीत चष्मा रडली. "मी घाबरले गं. सगळ्यांना कळलं असतं."

"हो."

"रागाव ना माझ्यावर."

"मला काही वाटत नाही," मुकादम म्हणाली. मी मानेकडे पाहिलं. मान नेहमीच्या रंगाची होती.

प्रतिनिधीला तळमजल्यावर वेगळी खोली मिळते. ती आपण घ्यायची नाही, असं त्या दोघींचं आधी ठरलं होतं. मुकादमने कपाट रिकामं केलं, गादी गुंडाळली. गादी जड होती, एकटीला झेपेना. मी उठायच्या आत चष्म्याने दुसरं टोक धरलं.

मी उशा घेऊन त्यांच्यामागून गेले. जिन्यात पोरी उभ्या होत्या. त्यांनी वाट दिली, अभिनंदन केलं, कुणी थट्टा केली नाही. मुकादम पुढे होती, चष्मा तिच्या मागे. मुकादमने एकदाही वळून पाहिलं नाही. फक्त जिना वळला की म्हणायची, "पायरी आहे. सांभाळ."