नकाशाची खालची कड

आमच्या घराण्याच्या जमिनीच्या कागदांचा बस्ता चार पिढ्या टिकला. वाळवीनं त्याला तोंड लावलं नाही, उंदरांनी बाहेरचं फडकं तेवढं कुरतडलं आणि भाऊबंदकीच्या भांडणांतूनही तो सुखरूप निघाला. मग तो माझ्या हाती लागला.

हाती लागला म्हणजे मीच ओढून घेतला. लोणारला एका शाळेत व्याख्यान होतं. विद्यापीठाच्या अभिलेखागारातल्या बाई आल्या होत्या. घराघरांत पडून असलेले जमिनीचे जुने कागद, वाटणीपत्रं, हातानं काढलेले नकाशे त्या गोळा करून जपतात. गावाचा इतिहास सरकारी दप्तरात अर्धाच सापडतो, उरलेला लोकांच्या पेट्यांत असतो, असं त्या म्हणाल्या. मला ते इतकं पटलं की आभार मानायला म्हणून मी माइक घेतला, आणि आभार राहिले बाजूला, "आमचा बस्ता आम्ही देतो" असं जाहीर करून मोकळा झालो. टाळ्या पडल्या. जन्मभर मास्तरकी केलेल्या माणसाला टाळ्या ऐकू आल्या की पुढचं काही दिसत नाही.

अडचण एवढीच होती की बस्ता माझ्याकडे नव्हता. तो जानेफळजवळच्या आमच्या गावी, थोरल्या चुलतभावाच्या देवघरात होता. शेती दादा करतो. मी मेहकरात राहून शेतीवर मतं देतो.

"बस्ता का तुह्या एकट्याच्या बापाचा हाये बे?" दादानं विचारलं.

"दादा, तिथं एसी आहे. कागदाला कीड लागू नये म्हणून औषध देतात..."

"कागदाले एसी! आन् मले कूलरची मोटर भेटून नाही राह्यली."

वहिनीचं दुखणं वेगळं होतं. दसऱ्याला आमच्याकडे नांगराचा फाळ आणि हा बस्ता पुजतात. वरचा नकाशा उलगडायचा, त्याला हळद-कुंकू वाहायचं, पुन्हा बांधून ठेवायचा. "दसऱ्याले काय पुजाव मंग, भाऊजी? तुमच्या सत्काराचा नारळ?"

सत्कार होणार हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिला कसं कळलं, देव जाणे.

शेवटी दादा वैतागला. "घेऊन जाय. पर काम पडलं का कागद आनून द्याची जिम्मेदारी तुही."

"हाव," मी म्हणालो. माझ्या तोंडून हा शब्द फार लवकर निघतो.

बस्त्यातला सगळ्यात देखणा कागद म्हणजे पणजोबांच्या वेळचा वाटणीचा नकाशा. तीन भावांची एकापुढे एक तीन वावरं, मधल्या वावराच्या खालच्या अंगाला विहीर, बांधावरचे आंबे. घड्यांवर विरलेला, कुंकवानं माखलेला, खालची कड तर नुसत्या झिरमिळ्या. असला गबाळा कागद विद्यापीठात कसा न्यायचा? चारचौघांत आपलं नाव काय राहील? मी तो उचलला आणि मेहकरच्या झेरॉक्सच्या दुकानात लॅमिनेशनला घेऊन गेलो.

"सर, साइज बसून नाही राह्यली," दुकानदार म्हणाला. "खालून पट्टी कापू का? तशी बी फाटेलच हाये."

"काप."

पोरांनी नकाशाच्या वहीचा समास कापला तर मी छडी घ्यायचो. इथं एका शब्दात मोकळा झालो. पट्टी टोपलीत टाकता टाकता दुकानदाराचा हात थांबला. "सर, कुंकू हाये याच्यावर. कचऱ्यात कसं टाकू?" त्यानं ती मला दिली, मी ती गावी नेऊन वहिनीला दिली आणि तिनं ती देवघरातल्या निर्माल्याच्या पिशवीत ठेवली. पुजलेली वस्तू नदीत सोडायची, ही आमची रीत.

बस्ता विद्यापीठात पोचला. शाल, नारळ, फोटो, सगळं यथासांग झालं. काही आठवड्यांनी बाईंचा फोन आला. "सर, त्या नकाशाला प्लॅस्टिक तुम्ही लावलंत?"

"आभार कसले, बाई," मी म्हणालो, "कर्तव्यच होतं ते."

"सर..." एवढंच त्या म्हणाल्या. मला वाटलं, भारावल्या असतील. मग त्यांनी अगदी हळू आवाजात, वर्गातल्या सगळ्यात ढ मुलाशी बोलावं तसं समजावलं, की उष्णतेनं चिकटवलेलं प्लॅस्टिक काढायला गेलं तर शाई आणि कागदही बरोबर येतो. म्हणजे आता हा नकाशा कायमचा आत कोंडला गेला. मी फोन ठेवला आणि ही गोष्ट दादाला सांगायची नाही असं ठरवलं.

दसऱ्याच्या आधी दादाचाच फोन आला. आमच्या तीन वावरांपैकी रस्त्यालगतचं वावर एका चुलत आजोबांनी केव्हाच विकलं होतं. यंदा ते नव्या माणसानं घेतलं आणि तारेचं कुंपण घातलं. दादाचं वावर सगळ्यात मागे, आणि गाडीवाट या पहिल्या वावरातून जाते. सोयाबीन कापून वावरातच त्याची गंज, म्हणजे सुडी, लावलेली, आभाळ भरून आलेलं, आणि मळणीयंत्र कुंपणाबाहेर उभं. नवा मालक भांडखोर असता तर बरं झालं असतं. तो मोठ्या अदबीनं म्हणाला, "काका, रस्ता कागदावर दाखवा, म्या सोता तार काढतो." सरकारी नकाशात ही वाट नाही. ती वाटणीच्या वेळी भावांनी आपसात ठेवलेली. बुधवारी नायब तहसीलदार जागा पाहायला येणार होते.

"नकाशा आन," दादा म्हणाला. "सुडी भिजली त सालभराचं पीक सडते."

मी स्कूटर मेहकरच्या स्टँडवर लावली, एसटीनं शेगाव गाठलं, तिथून रेल्वेनं विद्यापीठ. अभिलेखागाराच्या दारात माझं पेन काढून घेतलं आणि पेन्सिल दिली. पिशवी बाहेर ठेवायला लावली. पणजोबांना भेटायला एवढी झडती!

"मूळ कागद बाहेर जात नाही," बाई म्हणाल्या. "देणगीच्या करारात तशी अट आहे."

"कोणी मान्य केली ही अट?"

त्यांनी करार पुढे सरकवला. सही झोकदार होती. माझीच होती.

प्रमाणित प्रत मात्र मिळणार होती. बाईंनी नकाशा दोन्ही हातांवर तोलून आणला आणि टेबलावर ठेवला. प्लॅस्टिकवर वरच्या दिव्याचा उजेड पडून आधी माझंच तोंड दिसलं. मग तीन वावरं, अर्धी विहीर, आंबे. वाट कुठे दिसेना. मी नकाशा फिरवून पाहिला, स्वतः फिरून पाहिलं. मग आठवलं, वाट तर खालच्या बांधानं जाते.

"बाई, याची खालची कड?"

"तेच मी तुम्हाला विचारणार होते, सर."

मी बाहेर येऊन वहिनीला फोन लावला. निर्माल्यातली पट्टी आहे ना?

"थे? थे त उन्हाळ्यातच तुमच्या हाती देल्लं. मेहकरले चाल्ले ना, पैनगंगेत सोडून देजा म्हनलं होतं. सोडलं ना?"

तेव्हाही मी "हाव" म्हणालो असणार. परतीच्या गाडीत मी सबंध उन्हाळा डोक्यात उलटापालटा केला. नदी आठवली, पूल आठवला, पुलाच्या तोंडाशी खाल्लेली भजीसुद्धा आठवली. पिशवी सोडल्याचं काही आठवेना. देवाचं काम विसरलो असेन तर बरं, अशी प्रार्थना मी देवालाच करत होतो.

मेहकरला उतरलो तो तडक स्कूटरकडे. डिक्की उघडली. रेनकोट, पाना, किराणा दुकानाचं कॅलेंडर आणि त्याखाली ती पिशवी. सुकलेली झेंडूची फुलं, कापसाच्या वाती आणि पट्टी. कुंकवाच्या डागाखालून दोन समांतर रेघा जात होत्या, आणि त्यांच्या मधे वळणदार अक्षरात लिहिलं होतं: गाडीवाट, तिघांची.

बुधवारी जीपच्या बॉनेटवर प्रमाणित प्रत पसरली, तिच्या खालच्या कडेला पट्टी लावली. विहिरीची अर्धी भिंत वर होती, अर्धी खाली. दोन्ही नेमक्या जुळल्या. नायब तहसीलदारांनी चष्मा वर-खाली केला. आदेश यथावकाश निघेल म्हणाले. नव्या मालकानं दोन्ही तुकडे बराच वेळ न्याहाळले.

"सबूत त बराबर हाये, काका. पर हे कापलं काऊन?"

दादानं माझ्याकडे पाहिलं. "आमच्या घरी एक इद्वान हाये," तो म्हणाला.

नवा मालक दिल्या शब्दाला जागला. त्यानं स्वतः तार सोडली. यंत्र आत गेलं, आणि सोयाबीन पोत्यांत पडल्यावर मगच पाऊस आला.

बाईंना पट्टी संग्रहात हवी आहे. त्यांचे फोन मला येतात. दादा म्हणतो, "त्याहिले सांग, वरचा नकाशा वापस द्या, मंग पट्टी भेटन." हा निरोप दोन्हीकडून मलाच वाहावा लागतो. पट्टी देवघरात आहे. या दसऱ्याला तिची पूजा झाली आणि मला उंबऱ्याबाहेर बसवलं होतं.

मी निघालो तेव्हा वहिनीनं सवयीनं निर्माल्याची नवी पिशवी पुढे केली, मग तिला काहीतरी आठवलं आणि तिनं हात मागे घेतला.

"दे त्याच्याजवळ," दादा आतून ओरडला. "इद्यापीठाहून याच्या डिक्कीत बरं टिकते."