कंपनीचे स्पीकर

आमच्या शहरात 'कंपनी' हा शब्द दोन पाळ्यांत काम करतो. वाळूजला माणूस जिथं नोकरीला जातो ती कंपनी, आणि वस्तू चांगली असली की तीही कंपनीची. मुलगी द्यायची तर मुलगा कंपनीत पाहिजे आणि पंखा घ्यायचा तर तो कंपनीचा पाहिजे, एवढं तत्त्वज्ञान आमच्याकडं पुरतं. मी स्वतः एका कंपनीच्या प्रेस शॉपमध्ये सव्वीस वर्षं काढली. प्रेस म्हणजे छापखाना नव्हे. घराएवढं यंत्र पत्र्यावर आदळायचं आणि पत्र्याचा दरवाजा व्हायचा, बॉनेट व्हायचं. मग एक दिवस कंपनीनं हार घातला, चांदीचा मुलामा दिलेला गणपती दिला आणि 'स्वेच्छेनं' निवृत्त केलं. स्वेच्छा कुणाची ते विचारायचं नसतं.

आलेल्या पैशांतून मी पिकअप घेतली. धंदा बायकोचा, गाडी माझी. गाऊन, परकर, लेगिंग असा माल भरायचा आणि सिल्लोड, अजिंठा, पाचोड असे आठवडी बाजार करायचे. मी चालवायचो, ती विकायची. गिऱ्हाइकाशी बोलण्यात तिचा हात कुणी धरणार नाही. परकर घ्यायला आलेली बाई दोन गाऊन घेऊन जायची आणि जाताना तिलाच आशीर्वाद द्यायची.

सुरुवातीला गाडीतही ती अशीच बोलायची. कोण बाई किती घासाघीस करून गेली, कुणाच्या सुनेनं वेगळी चूल मांडली, सगळा बाजार परतीच्या रस्त्यावर पुन्हा भरायचा. आणि मग एकदम बंद झाली. बाजारात बोलायची, घरात कामापुरतं बोलायची, पण गाडीत बसली की तोंडाला कुलूप. खिडकीबाहेर बघत बसायची. मीही काही कमी हट्टी नाही. ती अबोला धरते तर आपणही धरायचा, असं ठरवून बसलो. पण खरं सांगायचं तर मला ते सोसत नव्हतं. जळगाव रोड तेव्हा चौपदरी होत होता, म्हणजे एकपदरीसुद्धा राहिला नव्हता. त्या धुळीतून दोन-अडीच तास शेजारी बायको बसलेली आणि एक शब्द नाही. त्यापेक्षा प्रेस शॉप बरं होतं.

मग गाणी लावू म्हटलं. तिच्या आवडीची जुनी गाणी एका पेनड्राइव्हमध्ये भरून आणली. निदान गुणगुणेल तरी. पण गाडीबरोबर आलेल्या स्पीकरमधून आवाज असा यायचा की गाणारी बाई गोधडीत तोंड घालून गातेय. ढोलकी कळायची, शब्द कळायचे नाहीत. आवाज वाढवला की ढोलकी वाढायची. मी कंपनीला शिव्या घातल्या. एवढे लाख रुपये घेतात आणि दरवाजात काय बसवतात, पापड!

एकट्याचं मत नको म्हणून मी शेजाऱ्यालाही बोलावलं. हा माझ्याच प्रेस शॉपचा, माझ्यानंतर सहा महिन्यांनी 'स्वेच्छेनं' बाहेर पडलेला. आम्ही दोघं काचा वर करून गाडीत बसलो, गाणं लावलं, डोळे मिटले.

"शब्दच नाय कळत," तो ओरडून म्हणाला.

"तेच तर म्हणतोय मी," मीही ओरडलो.

दोन जाणकारांचं एकमत झालं. बायको फाटकात दोन्ही कानांवर हात ठेवून उभी होती. मला वाटलं, रुसवा आता गाण्यांवरही निघायला लागला.

मोंढा नाक्याजवळ गाड्यांच्या सजावटीची दुकानं आहेत. तिथला एक उस्ताद मला ठाऊक होता. दुकानाच्या पाटीवर शहराचं नवं नाव, बिलबुकावर जुनं; दोन्ही संपेपर्यंत चालतील असा त्याचा हिशेब. त्यानं दरवाजाचं आतलं पॅनल उघडलं, स्पीकर काढून माझ्या तळहातावर ठेवला. पाठीमागं लिमलेटच्या गोळीएवढं चुंबक.

"देखो चाचा, कंपनीने नाम के वास्ते दिया है."

मला इतका आनंद झाला की मी त्याला चहा पाजला. माणसाला आपलं खरं ठरण्याचं वेड फार. त्यानं मोठे स्पीकर बसवले, दरवाजाचा पत्रा खडखडू नये म्हणून आतून रबराची शीट चिकटवली. सिल्लोडची एक फेरी झाली आणि मी परत हजर. "शब्द अजून कळत नाहीत." त्यानं आरशाजवळ दोन छोटे ट्वीटर बसवले. बारीक, चढा आवाज आणि शब्दांचा तिखटपणा त्यांतून येतो म्हणे. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा हजर. मग सीटखाली अ‍ॅम्प्लिफायर आला.

आता ढोलकी सुरू झाली की मागं परकरांचे गठ्ठे हलायचे. फुलंब्रीत चहावाला गाडी दिसली की कपबशा आत घ्यायचा. अजिंठ्याला तर आम्ही गाणं लावून बाजारात शिरलो आणि लोकांनी रस्ता करून दिला. एका म्हातारीनं बायकोला विचारलं, "कोन्त्या पक्षाची गाडी हाय वं? काय वाटतेत?" ती रिकामी पिशवी घेऊनच आली होती. बायकोनं तिला गाऊन दाखवला, तेव्हा तिनं आमच्या पक्षाला तोंडावर नालायक म्हटलं. एवढं सगळं झालं, तरी माझी गाणारी बाई गोधडीतच. आणि शेजारची बाई खिडकीबाहेर.

चौथ्यांदा मी भांडायच्या तयारीनं गेलो. त्या दिवशी पाचोडचा बाजार होता, म्हणून बायको बरोबर होती. मी उस्तादाला सरळ म्हणालो, "भाई, तुमने मेरे को बनाया."

तो शांत माणूस. म्हणाला, "चाचा, एक-एक करके देखते." त्यानं मोठ्या स्पीकरच्या वायरी काढल्या. आता फक्त ट्वीटर. मोबाइल जोडला, काहीतरी लावलं आणि माझ्याकडं बघत उभा राहिला. मीही त्याच्याकडं बघत उभा.

"चालू करो ना, उस्ताद."

शेजारच्या दुकानातला सीट कव्हरवाला कानात बोटं घालून बाहेर आला. समोर झोपलेलं कुत्रं उठून गेलं.

"चालू करो ना भाई, देर हो रही है."

"चालूइच है, चाचा."

मी बायकोकडं वळलो. तिनं कानांत बोटं घातली होती, चेहरा आंबट झाला होता. ती माझ्याकडं बघत होती. बघता बघता तिचे हात खाली आले. त्यानं मोबाइल बंद केला, तेव्हा सगळ्यांचे चेहरे सैल झाले. त्यावरून मला कळलं की बंद केला.

"कौनसी कंपनी में थे?" त्यानं विचारलं. मी प्रेस शॉप म्हटलं. तो खाली बघत वायरी गुंडाळायला लागला. मग मान वर करून म्हणाला, "मेरे को पहले पूछना था. पुराने स्पीकर इतने खराब भी नै थे."

मी तडकलो. म्हणालो, माझे कान दरवर्षी तपासले जायचे आणि दरवर्षी पास व्हायचे. हे खोटं नव्हतं. कंपनीत वर्षातून एकदा तपासणीची गाडी यायची. कानाला हेडफोन लावून आत बसवायचे, आवाज आला की बटण दाबायचं. समोर काच होती आणि काचेतून त्या तपासणाऱ्याचं बोट दिसायचं. त्याचं बोट खाली गेलं की आम्ही आमचं दाबायचो. नापास झालेल्याला प्रेसवरून उचलून पॅकिंगला टाकायचे आणि प्रेसचा जादा भत्ता जायचा. म्हणून ही युक्ती जुना नव्याला शिकवायचा. मीही किती जणांना शिकवली. कानात घालायला कंपनीनं बोळेही दिले होते. मोठा साहेब यायचा असला की ते कानात, साहेब गेला की खिशात. कंपनीनं आम्हाला फसवलं असं मी आजवर सांगत आलो, पण या बाबतीत आम्ही तिला बरोबरीनं मदत केली. शेजाऱ्यानंही. दोन बहिरे स्पीकरची परीक्षा घ्यायला काचा वर करून बसले होते, हे आठवून मला तिथंच हसू आलं. हसताना डोळ्यांत पाणी कशाला आलं ते मात्र कळलं नाही.

समोरासमोर मला कुणाचंही बोलणं समजायचं, कारण मी ऐकण्यापेक्षा तोंड बघत असणार. गाडीत तोंड दिसत नाही. तिथं माझी नजर रस्त्यावर आणि खाली इंजिन. ती बोलायची तेव्हा तुटक तुटक कानी पडायचं, उरलेलं मी अंदाजानं भरत असणार.

पाचोडच्या रस्त्याला लागल्यावर आडूळच्या अलीकडं मी गाडी एका बाभळीखाली घेतली. इंजिन बंद केलं. तिच्याकडं पूर्ण वळून बसलो आणि विचारलं, "तू गाडीत बोलायची कामून थांबलीस?"

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग माझ्या तोंडासमोर तोंड आणून, लहान लेकराला सांगावं तसं एक एक शब्द सुटा करून बोलली.

"सिल्लोडहून येत होतो. मी लई बोलत होते. तुम्ही नुसतं म्होरं बघत होते. मंग मी इचारलं, माझ्या बोलन्याचा तुम्हाला तरास होतो का?"

"मग?"

"तुम्ही म्हनले, हं."

प्रेसवर समोरच्याचे ओठ हलले की 'हं' म्हणायचं आणि कामाला लागायचं, ही आम्हा सगळ्यांची सव्वीस वर्षांची रीत. तिनं मात्र त्या एका 'हं'चा दोन वर्षं मान राखला होता.