नावाची वाटणी

अप्पा आपली जागा बघायला दर मंगळवारी यायचे. अंजूरहून रिक्षाने भिवंडीत उतरायचे, माझ्या सायबर कॅफेच्या दाराबाहेर चपला काढायचे आणि म्हणायचे, "बाय, जागा दाखव." मी संगणकावर पत्ता टाइप करायची. पांढऱ्या पानावर 'काम चालू आहे' अशा अर्थाची एक इंग्रजी ओळ उमटायची, बाकी काही नाही. तेवढंच ते पाच मिनिटं बघत बसायचे. येऊन जाऊन बघितलं नाही तर लोक जागा बळकावतात, हा त्यांचा जन्मभराचा अनुभव होता.

जागा म्हणजे इंटरनेटवरचं नाव. खाडीकडची भातशेती अप्पांनी गोदामवाल्याला विकली ती सगळ्यांच्या आधी, आणि दोन वर्षांत त्याच पट्ट्याचा भाव कुठल्या कुठे गेला. तेव्हापासून माणूस आतून खचला होता. माझ्याकडे कुणाचा तरी फॉर्म भरायला आलेले असताना त्यांनी ऐकलं, की आधी नाव घेऊन ठेवलं तर मोठ्या कंपन्या ते पुढे लाखांना विकत घेतात. मी समजावलं : नाव एकदा आपण घेतलं की जगात दुसऱ्याला घेता येत नाही, फक्त दरवर्षी पैसे भरून मुदत वाढवायची. "म्हंजी सारा भरायचा," अप्पा म्हणाले. "पण तलाठी न्हाय, बांधावरून भांडण न्हाय. लय बेस." माझ्या खात्यातून मीच त्यांना पहिलं नाव घेऊन दिलं. आज वाटतं, त्या दिवशी वीज गेली असती तर बरं झालं असतं. एरवी रोज जायचीच.

नाव निवडायची त्यांची एकच कसोटी होती. "रिक्षावाल्याला एकदा सांगून कळलं पायजे." उच्चारायला अवघड ते बाद. अशी सात नावं घेतली. त्यांतली सहा कुणी विचारली नाहीत, ती त्यांनी सोडून दिली. राहिलं ते एक : गावाचं नाव आणि त्याला जोडून गोडाऊन. मी हसले होते. गोदामवाल्यांनीच शेत नेलं आणि हे गोदामाचंच नाव धरून बसले! त्यावर अप्पा म्हणाले, "त्यांनी माझं घेतलं, आता मी त्यांचं घेतलंय. येतील मागायला."

आणि खरंच आले. अंजूर-दापोड्याला गोदामं असलेल्या मुंबईच्या एका कंपनीने फोन केला. त्यांनी देऊ केलेल्या पैशात दिघाशीला दीड एकर भातशेत येत होतं. अप्पांनी ते शेत बघूनही ठेवलं होतं. त्यांना बंगला नको होता, गाडी नको होती. मरायच्या आत पुन्हा एकदा स्वतःच्या चिखलात उभं राहायचं होतं, एवढंच. हे त्यांनी सांगितलं, तेव्हा मला त्यांच्याबद्दल पहिल्यांदाच माया वाटली.

पण दोन मुलगे आडवे आले. आधी वाटणी, मग विक्री. एरवी एका शब्दावर जमीन देणारे अप्पा पोरांपुढे मऊ पडले. थोरल्याला आणि धाकट्याला घेऊन ते कॅफेत आले आणि म्हणाले, "बाय, थोरल्याला नाव दे, धाकट्याला पासवर्ड." मी कपाळावर हात मारला. ते शांतपणे म्हणाले, "माझ्या बापानं असंच केलं व्हतं. मना गाडी दिली, भावाला बैल. एकमेकाचं तोंड बघितल्याबिगर कुणाचंच चालत न्हाय." नोंदणीवर थोरल्याचं नाव चढलं. धाकट्याने मला मान वळवायला लावून नवा पासवर्ड टाकला. अप्पा समाधानाने हसले. जागा आता पोरांची झाली, म्हणून त्यांनी मंगळवारचं येणंही थांबवलं.

भावांनी मात्र एकमेकांचं तोंड बघणंच सोडलं. कंपनीचा माणूस दोनदा येऊन गेला. एकदा हा नव्हता, एकदा तो. मुदत संपत आली तशी मी दोघांना फोन केले. थोरला म्हणाला, "पासवर्ड त्याच्याकडं हाय ना? भरू दे त्याला." धाकटा म्हणाला, "नाव कुणाचं हाय? त्यालाच सांगा." मी जरा जोर धरला तेव्हा थोरल्याने सुनावलं, "मॅडम, आमच्या घरात तुम्ही पडू नका." झालं. मला राग आला. नाव मुळात माझ्याच खात्यातून घेतलेलं होतं, आणि मुदतीचे पैसे भरायला पासवर्ड लागत नव्हता. काही शे रुपये मी भरले असते तर मुदत वाढली असती. मी भरले नाहीत. त्याच आठवड्यात रिक्षा स्टँडवर अप्पा भेटले. "नाव बरं हाय ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "बरं आहे." त्या दोन शब्दांची लाज मला अजून वाटते.

मुदत संपली, वरचे सवलतीचे दिवसही संपले. कुण्या परक्या माणसाने ते नाव उचललं, आणि कंपनीने त्याच्याकडून घेतलं.

पुढे एका मंगळवारी अप्पा पुन्हा आले. "बाय, जागा दाखव." मी नुसता पत्ता टाइप केला. पानावर गोदामांचे रंगीत फोटो आले, लांबच्या लांब निळे पत्रे, खाली कंपनीचा फोन नंबर. मी सगळं सांगितलं, माझंही सांगितलं. ते रागावतील, निदान मुलांना शिव्या देतील असं वाटलं होतं. त्यांनी आपला डावा अंगठा उचलून माझ्यापुढे धरला.

"शेत इकलं, तवा चार मानसांत माझा ह्यो अंगठा तरी मागितला व्हता," ते म्हणाले. "ह्यावेळी कुणी तेवढंबी इचारलं न्हाय, बाय."