चौथी हाळी

आमच्या दगडखाणीच्या संग्रहालयातलं लाल बटण तुम्ही कधी दाबलंय का?

दुधनीच्या अलीकडे, बंद पडलेल्या खाणीच्या काठावर पत्र्याच्या दोन खोल्या आहेत. तेच संग्रहालय. बटण दाबलं की सुरुंगाआधीची हाळी ऐकू येते — "सुरुंग हाय, लांब सराऽऽ" — चार दिशांना, चार वेळा. तो आवाज माझ्या वडिलांचा. अण्णा खाणीत वात पेटवायचे. त्या रेकॉर्डिंगबद्दल गेल्या आठवड्यापर्यंत मी कुणालाही काही सांगितलं नव्हतं. सांगायला तोंड कुठं होतं?

मी कामगार संघटनेची पत्रकं वाचत वाढले, पुढे लिहू लागले. माझ्या पत्रकांत कामगार कधी चुकत नाही. चुकतो तो मालक. संग्रहालयातल्या पाट्याही मीच लिहिल्या. एका पाटीवर मल्लप्पांचं नाव आहे — सुरुंगात गेले ते. खाली मी लिहिलं, 'ठेकेदाराच्या बेपर्वाईचा बळी.' ठेकेदार बेपर्वा होताच. पण —

पण संग्रहालयासाठी मी फोनवर हाळ्या रेकॉर्ड केल्या, तेव्हा त्या देऊन झाल्यावर अण्णांनी मला रेकॉर्डिंग बंद करू दिलं नव्हतं. म्हणाले, "मल्लप्पा गेला त्या दिशी म्या तीनच दिल्या. वढ्याकडं कोन नसतंय म्हनून चौथी दिलीच न्हाय. त्यो तिकडंच हुता. हे बी ठेव, पोरी."

मी ठेवलं नाही. कापलं. अण्णांची अब्रू जाईल म्हणून? तसं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे पाटीसाठी. माझी पाटी खोटी पडली असती.

अण्णा वारले. त्यानंतर एकदा मल्लप्पांच्या पत्नी, यल्लव्वामावशी, संग्रहालयात आल्या. त्यांनी बटण दाबलं, चारही हाळ्या ऐकल्या. पुन्हा दाबलं.

"एवढ्या मोठ्यानं वरडत्यात, आन् त्येला ऐकू आलं न्हाय व्हय?" त्या म्हणाल्या. "ऐकलं आसंल. सकाळी मीच भांडले हुते की. भाकरी न खाता गेलता. रागानं मुद्दाम थांबला त्यो."

इतकी वर्षं त्या हे मनात घेऊन जगत होत्या. आणि उत्तर माझ्या फोनमध्ये होतं, हाताशी. मी काय केलं? — त्यांना चहा दिला.

त्याला दोन वर्षं झाली.

गेल्या आठवड्यात त्यांच्या ओट्यावर बसून मी कापलेला भाग ऐकवला. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग, "हे तुझ्याकडं कवाधरनं हाय?" मी सांगितलं.

"च्या पाजलास की गं तवा," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या. दार लावून घेतलं.

पाटीवर ठेकेदार आहेच. त्याच्याखाली आता अण्णांचं नाव आहे. बटणामागे सगळं रेकॉर्डिंग परत लावलंय. कधी आलात तर दाबा. चौथी हाळी संपली की लोक पुढच्या खोलीत जातात. तुम्ही जाऊ नका. थांबा, आणि अण्णा पुढे काय सांगतात ते ऐका.