फुलवंतीचा तिसरा घास

तांदळाचा कट्टा, तुरीची डाळ, गुळाची ढेप, शेंगदाणे, तेलाचा डबा.

सकाळपासून इतकं सामान आलं. खर्च, एक रुपयाही नाही.

सगळं सिंधूच्या नावानं आलं. मेल्यावरही ती माझ्या पुढेच.

माझी धाकटी जाऊ. आज तिची तेरवी.

छातीत कळ येते म्हणाली, अन् दवाखान्यात पोचायच्या आत गेली. मारुतीरायापुढे रोज दिवा लावते मी, अन् बोलावणं आलं तिला. तिथंही नंबर तिचाच.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. पांढुर्ण्यात आमच्या मोहल्ल्यामागे मजुरांच्या झोपड्या आहेत. मायबाप संत्रा तोडणीला गेले की लहान पोरं दिवसभर उपाशी. त्यांच्यासाठी आम्ही बायका मारुतीच्या मंदिरात दुपारचं जेवण शिजवतो. सरकारी नाही, कोण्या संस्थेचं नाही. घराघरातून शिधा येतो, बायका पाळीनं रांधतात.

सुरुवात मी केली.

हे लिहून ठेवते, कारण कोणी म्हणत नाही.

दारोदार मी फिरली. किराणेवाल्याशी भाव मी केला. हिसाब पहिल्या दिवसापासून माझ्याकडे.

सिंधू काय करायची? भरवायची. बस्स.

अन् पोरं तिला म्हणायची सिंधूमाय. मला म्हणायची हिसाबवाली बाई.

एकदा मी तिला सुनावलं, की तुझ्या गप्पांपायी खिचडी गार होते. पदराला हात पुसत म्हणाली,

"बाई, तुम्ही जरा हसत जा ना. पोट्टे तुमाले पाहून घास गिळाले भेतेत. त्यायले वाटते, बाई वापस मागतीन."

सगळ्या बायका हसल्या. आमच्या सासूबाईसुद्धा.

तिची एक रीत होती. प्रत्येक घासाला नाव द्यायची. आपण चिऊचा, काऊचा करतो तसं नाही. प्रत्येक पोराची नावं वेगळी. कोणाचा घास बकरीचा, कोणाचा रेल्वेच्या डायवरचा, कोणाचा मामाच्या मिशीचा. पहिला घास कोणाचा, दुसरा कोणाचा, एकदा ठरलं की बदलायचं नाही.

ती भरवायला बसली की मी कोठीत जायची. डाळ मोजायला म्हणून. पोरं तिच्या मांडीवर चढायची, ते मला पाहवत नव्हतं.

आता मुद्द्याचं.

फुलवंती नावाची पोर आहे. दोनेक वर्षांची असेल. आली तेव्हा रडायचीही ताकद नव्हती. अंगणवाडीच्या ताईनं दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी लावली तर लाल निघाली, म्हणजे जिवाला धोका. दवाखान्यात राहून आली, घरी येऊन पुन्हा तेच. मग सिंधूनं भरवून भरवून ती पट्टी पिवळ्यावर आणली.

सिंधू गेल्यापासून पोर जेवत नाही.

काल ताईनं पट्टी लावली. पुन्हा लालच्या काठावर. म्हणाल्या, असंच राहिलं तर परत भरती करावं लागेल. तिची माय माझ्याकडे पाहून राहिली होती. तोडणी सोडून ती दवाखान्यात बसली तर घरच्या बाकी पोरांनी खायचं काय?

म्हणून आज तेरवीच्या पंगती दुसऱ्यांवर सोपवून मी पोरीला मांडीवर घेतलं. आमच्या शेजारच्या कमलाबाईला पहिली दोन नावं आठवत होती.

"हा तुह्या मायच्या टोपल्याचा."

तोंड उघडलं.

"हा मारुतीच्या शेपटीचा."

देवाची अशी थट्टा मला चालत नाही. पण म्हटलं. पुन्हा तोंड उघडलं.

तिसरं नाव कोणालाच माहीत नाही. मी नुसताच घास पुढे केला. तोंड मिटलं. माझ्याकडे टकमक पाहत बसली, मी काय म्हणते त्याची वाट पाहत.

चांदोबाचा म्हटलं. गायीचा म्हटलं. संत्र्याचा म्हटलं. नाही.

शेवटी म्हटलं, सिंधूमायचा.

तर पोरीनं दाराकडे पाहिलं.

इतका राग आला मला त्या बाईचा. सांगून तरी जायचं होतं.

सिंधू, मला तुझा हेवा वाटतो. मघाशी तुझ्या फोटोला हार घालतानाही वाटला. देव तुला त्याच्या पायाशी जागा देवो, तू जिथं असशील तिथं सुखी राहा. पण ही पोर माझ्या हातून जेवली पाहिजे.

ज्या पोरी सिंधूसोबत भरवायला बसायच्या, अन् या वर्षी लग्न होऊन सौंसरला, रामाकोन्याला, बोरगावला गेल्या, त्यांनी ही पोस्ट वाचावी. हात जोडलेले फोटो मग टाका. श्रद्धांजली मग लिहा.

फुलवंतीचा तिसरा घास कोणाचा होता, ते आधी कळवा.

मी फोन घेऊन बसली आहे. पोर अजून मांडीवरच आहे.