बॅकेलाइटचे प्लग

आमच्या ह्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मागच्या वर्षी त्यांना अर्धांगाचा झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. दुकान आवरताना जुने, मोडके रेडिओ भंगारात द्यायचं ठरलं. गाडी दारात आली, तेव्हा हे म्हणाले, "थांबा. त्यातले बॅकेलाइटचे प्लग आधी काढून घेऊ द्या. असे आता मिळत नाहीत."

तेव्हापासून रोज सकाळी ते ओट्यावर बसतात, रेडिओ गुडघ्यांत धरतात आणि डाव्या हाताने स्क्रू फिरवतात. काल एक स्क्रू गंजून बसला होता. स्क्रूड्रायव्हर सारखा निसटत होता. मला बघवेना.

"अहो, द्या इकडे. मी काढते."

"नको. मला काढू दे."

मी हात मागे घेतला. औषधं आहेत, व्यायाम आहे, मी आहे. पण जे काम जन्मभर केलं, ते आपल्याला अजून येतं, एवढं माणसाला स्वतःलाच पटावं लागत असेल. ते दुसऱ्याने सांगून भागत नाही.

बऱ्याच वेळाने स्क्रू सुटला. जुन्या कडक प्लास्टिकचा तो तपकिरी, गुळगुळीत प्लग अखंड निघाला. त्यांनी तो धोतराच्या सोग्याने पुसला, उजव्या तळहातावर ठेवला आणि डाव्या हाताने त्या हाताची बोटं एकेक करून मिटवली.

"धर," ते त्या हाताला म्हणाले.

प्लग खाली पडला. त्यांनी तो उचलला आणि पुन्हा तळहातावर ठेवला.